हर्मिनाचा काटा आणि फेब्रुवारीचं ऊन

हर्मिना क्लेनोव्शेक डायोडच्या कारखान्यात आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. त्याआधी अकरा वर्षं ती कोळशाच्या पट्ट्यावर उभी होती. पट्टा सरकत राहतो, बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि कोळशातले दगड वेचून खाली टाकतात. काम एवढंच. पण आठ तास थंडीत, काळ्या धुळीत, समोर येणारा प्रत्येक तुकडा कोळसा की दगड हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. ज्याने हे केलं नाही त्याने त्याला सोपं म्हणू नये. हर्मिना दगड हाताला लागायच्या आधीच ओळखायची. दगडावर उजेड वेगळा बसतो, असं तिचं म्हणणं होतं.

कारखान्यात भरतीच्या दिवशी मुकादम पोव्शेने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला कोळसा कायमचा बसलेला.

"या हातांनी?" तो म्हणाला. "इथे केसापेक्षा बारीक तार उचलायची असते, बाई."

"हात धुतले की काळं जातं, पोव्शे. नजर काही धुऊन येत नाही."

त्याने बशी पुढे केली, चिमटा दिला. वीस तारा एकेक करून छिद्रात बसवायच्या होत्या. आधीच्या मुलींनी तीन-चार तरी पाडल्या होत्या. हर्मिनाने वीसच्या वीस बसवल्या. श्वास सोडला तो विसाव्या तारेनंतर. पोव्शेने तिचं नाव लिहून घेतलं.

पहिल्या वर्षी तिला टेबलाटेबलावर फिरवलं. आधी मोठे सिलिकॉनचे डायोड, बोल्टासारखे, अंगठ्याएवढे जाड. हे खाणीतल्या इंजिनांच्या बॅटऱ्या भरायला लागायचे. तारेतली वीज सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि पन्नास वेळा परत येते, हे तिला तिथे कळलं. बॅटरीला असलं येणं-जाणं चालत नाही. हा बोल्ट जाणारीला जाऊ देतो, येणारीला अडवतो. आत हलणारं काही नाही. झडप नाही, स्प्रिंग नाही, बिजागरी नाही. तिने एक तुटलेला डायोड घरी आणून चुलीच्या पत्र्यावर फोडून पाहिला. आत एक राखाडी टिकली निघाली. बाकी काही नाही.

"हे दार?" ती नवऱ्याला, रूडीला, म्हणाली. "हे अडवतं?"

रूडी खाणीत हवेच्या दारांवर कामाला होता. भुयारात हवा एकाच दिशेने फिरावी म्हणून जी दारं असतात ती सांभाळणं हे त्याचं काम. एका बाजूने हवेचा दाब आला की दार उघडतं, दुसऱ्या बाजूने आला की आपोआप घट्ट मिटतं. त्याने ती टिकली तळहातावर घेतली, फुंकर मारून पाहिली आणि म्हणाला, "माझं दार ऐंशी किलोचं आहे. महिन्यातून दोनदा त्याला तेल घालावं लागतं. तुझ्याला काय लागतं?"

"काही नाही."

"मग मला त्याच्यावर विश्वास नाही," रूडी म्हणाला.

पुढचं टेबल झेनर डायोडचं. तिथे तिची मती गुंग झाली. हा डायोड मुद्दाम उलटा जोडायचा. उलट्या बाजूने दाब वाढवत न्यायचा. एक व्होल्ट, दोन, तीन, चार, काही जात नाही. आणि पाच पूर्णांक एक दशांश व्होल्टला आला की दार उघडतं. त्याच्या पुढे कितीही ढकला, दाब तिथेच राहतो. जास्तीचं सगळं वाहून जातं. आणि दाब कमी केला की दार पुन्हा जसंच्या तसं मिटतं. फुटत नाही, झिजत नाही. बंधाऱ्याला सांडवा असतो तसं. पण बंधारा बांधायला शंभर माणसं लागतात. हा बार्लीच्या दाण्याएवढा, आणि तिच्या चिमट्यात.

ती रोज अकराशे झेनर तपासायची. प्रत्येक वेळी मीटरचा काटा पाच पूर्णांक एकला येऊन थांबला की तिला आत कुठेतरी थांबल्यासारखं व्हायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बायका हसल्या असत्या.

शेवटी ती आली काचेच्या डायोडांवर, आणि तिथेच राहिली. हे जर्मेनियमचे. काचेच्या इवल्या नळीत जर्मेनियमचा एक कण, आणि त्या कणावर टेकलेलं तारेचं टोक. टोक टेकतं तेवढ्याच जागी दार तयार होतं. रेडिओत आकाशातली लाट पकडायला हे लागतात. टोक टेकवण्याचं काम फानीचं होतं. फानी हर्मिनाच्या लहानपणची शेजारीण. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या दोघी. फानी सूक्ष्मदर्शकातून पाहत तार टेकवायची, तबक भरलं की पुढे सरकवायची, आणि शेवटच्या टेबलावर, खिडकीशी, हर्मिना तपासायची.

तपासणी अशी. डायोड चिमट्याने उचलायचा, बोटाने कधीच नाही. बोटाच्या उबेनेही जर्मेनियम जरा जास्त गळतं. दोन पितळी पकडींत ठेवायचा. डावं पेडल दाबलं की सरळ वीज. काटा उडाला पाहिजे. उजवं पेडल दाबलं की उलट वीज. काटा पडून राहिला पाहिजे. थोडा हलतो, कारण जगातलं कुठलंच दार पूर्ण बंद नसतं. पण तांबड्या रेघेच्या वर गेला तर तो डायोड गळका. गळके तांबड्या डब्यात. शंभरात दोन निघायचे, कधी तीन. शंभरात पाचाच्या वर गेले तर सगळा लॉट संशयित धरायचा आणि फोडायचा. लोखंडी पिंपात टाकून पिंप फिरवायचं. नियम असाच होता, आणि हर्मिनाला तो पटत होता. कोळशात दगड फार निघाले तर वॅगन परत येते.

शहात्तर सालच्या फेब्रुवारीत जे झालं त्याचं मूळ आदल्या नोव्हेंबरात होतं. पूर्वी काचेच्या डायोडांना आधी काळा रंग लावायचे, मग तपासायचे. नोव्हेंबरात कुणाच्या तरी लक्षात आलं की जे गळके निघून फेकले जाणार त्यांच्यावर रंग फुकट जातो. म्हणून क्रम उलटा केला. आधी तपासणी, मग रंग. शहाणपणाचा बदल होता. हर्मिनानेही मान डोलावली. तेव्हापासून तिच्या पकडीत नागडी काच येऊ लागली. आत तारेचं टोक दिसायचं. तिला ते आवडायचं.

नोव्हेंबरात अजून एक गोष्ट होते. कारखाना ज्या अरुंद खोऱ्यात आहे तिथून सूर्य जातो. दक्षिणेचा डोंगर इतका जवळ आणि इतका उंच की हिवाळ्यातला सूर्य त्याच्या मागूनच निघतो आणि मागेच बुडतो. सावलीच्या बाजूला, जिथे कारखाना आहे, तिथे अकरा आठवडे ऊन शिवत नाही. छतावर बर्फ, हॉलमध्ये ट्यूबलाइट. मेणबत्त्यांच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, बाराच्या सुमाराला डोंगराच्या खिंडीतून तो परत डोकावतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं. मग रोज थोडा जास्त.

इतर ठिकाणी टेबलावर ऊन आलं की माणसं पडदा ओढून घेतात. इथे सणाच्या आधीच पडदे गुंडाळून वर बांधतात. ज्या बाईच्या टेबलावर ऊन आधी येईल तिने "आला!" म्हणून ओरडायचं, मग सगळ्यांनी उठून खिडकीशी जायचं, उन्हात तोंड धरायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. मुकादम पोव्शे त्या वेळी कसली तरी यादी शोधत असतो. घरी त्या दिवशी फुन्श्टेर्त्स करतात: अंडी, पीठ, दूध, मीठ, तव्यावर जाड पिवळा पोळा. खाणकामगार त्याला खाणीतला सूर्य म्हणतात.

त्या वर्षी सण सोमवारी आला. बाराला दहा कमी असताना हर्मिनाच्या मनगटावर ऊन पडलं.

"आला!"

चाळीस स्टुलं एकदम मागे सरकली. फानी डोळे मिटून उभी राहिली, गालांवर ऊन घेत. "तोच आहे ना गं?" ती म्हणाली. "बघ नीट. सरकारने दुसराच कुणीतरी पाठवला असेल बेलग्रेडहून." बायका खिदळल्या. पोव्शेने यादी शोधली. मग सगळ्या परत बसल्या आणि ऊन टेबलावर राहिलं.

हर्मिनाने पुढचा डायोड ठेवला. उजवं पेडल. काटा तांबड्या रेघेच्या पार. डब्यात. पुढचा. पार. पुढचा. पार. लागोपाठ चाळीसेक गळके. मग ऊन गेलं, नवं तबक आलं आणि सगळं सुरळीत झालं.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच, जास्त. दोन्ही दिवशी जेवणाच्या आधीची तबकं.

ऊन आणि गळती यांची सांगड तिने घातली नाही. आज कुणी म्हणेल, कसं सुचलं नाही? सुचलं नाही. या खोऱ्यात उन्हाने कुणाचं वाईट झाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. ज्याची अकरा आठवडे वाट पाहिली त्याच्यावर संशय कोण घेईल? हर्मिनाने हिशेब मांडला तो माणसांचा. खराब तबकं येतात ती बाराच्या आधी भरलेली. ती फानीची. सकाळपासून सूक्ष्मदर्शकात पाहून फानीचे डोळे थकत असतील, हात कापत असेल.

बुधवारी ती फानीच्या टेबलाशी गेली आणि सरळच बोलली. आडून बोलणं तिला जमत नसे.

"फानी, बारापूर्वीची तुझी तबकं गळतायत. टोक नीट टेकत नाहीये."

फानीने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. "माझं टोक?"

"डबा बघ माझा."

"मी नऊ वर्षं तारा टेकवतेय. तू कोळशाच्या पट्ट्यावर दगड वेचत होतीस तेव्हापासून. तूच शिंकत असशील त्यांच्यावर."

"मी शिंकत नाही."

"मग हात लावत असशील. काळ्या हातांचा काय भरवसा?"

हर्मिना परत जाऊन बसली. सुट्टीपर्यंत तिने उरलेलं तबक संपवलं. मग पोव्शे आला आणि डबा मोजला. तेहतीसशे तपासलेले, दोनशे अठ्ठ्याण्णव गळके.

"शंभरात नऊ," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "शुक्रवारी दोन वाजता लॉट पिंपात जाईल. अकरा बायकांचं काम. आणि कागदावर कारण लिहावं लागेल. एक तर फानीचा हात किंवा तुझा. फानी म्हणते तुझा. तू म्हणतेस तिचा. माझ्यापुढे दोन बायका आहेत आणि एक रकाना. कोळशाच्या पट्ट्यावर अजून जागा आहेत, हर्मिना. मला ते करायचं नाहीये."

"मलाही नाही," ती म्हणाली.

तीन वाजता रूडी अंघोळ करून खाणीतून आला. डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखा कोळसा राहिलाच होता. तिने सोमवारचा सण बुधवारी पुन्हा केला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. पोळा त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्याने पोळ्याचा तुकडा मोडला. "माझं दार गळायला लागलं," तो म्हणाला, "तर मी आधी दाराला शिव्या घालत नाही."

"मग कुणाला घालतोस?"

"कुणालाच नाही. कान लावतो. तेच दार सकाळी पाहतो, दुपारी पाहतो. दोन्ही वेळा गळलं तर दार वाईट. एकदाच गळलं तर दार चांगलं आहे, पलीकडे काहीतरी बदललंय. कुणीतरी पंखा वाढवलाय, नाहीतर दुसरीकडे भोक पडलंय." त्याने बशी पुसली. "तू ते गळके पुन्हा पाहिलेस?"

तिने पाहिले नव्हते. अकरा वर्षं दगड फेकले की फेकले. फेकलेला दगड पुन्हा कोण उचलतं? तिला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी ती पहाटेच्या पाळीला सगळ्यांच्या आधी पोचली. तांबडा डबा उघडला. पहिला गळका पकडीत ठेवला, उजवं पेडल दाबलं. काटा पडूनच राहिला. दुसरा. पडून. दहा झाले, वीस झाले. दोन सोडून सगळे चांगले. तिने प्रत्येक दोनदा पाहिला. काल रेघेपार गेलेली दारं आज घट्ट मिटलेली होती.

तिने पोव्शेला बोलावलं.

"म्हणजे काल तू चुकलीस," पोव्शे म्हणाला.

"नाही."

"मग आज चुकतेयस."

"नाही."

"मग मीटर बिघडलंय."

"मीटर सकाळीच जुळवलंय. तुम्हीच जुळवलंयत, पोव्शे."

तो डोकं खाजवत गेला. तिने त्यातला एक चांगला डायोड पकडीत तसाच ठेवला, उजव्या पेडलवर लोखंडी वजन ठेवलं आणि पहारा सुरू केला. तपासणीचं काम तिने शेजारच्या जुन्या मीटरवर चालू ठेवलं. हात रिकामा ठेवणं तिला माहीत नव्हतं. पण एक डोळा या काट्यावर. सात वाजले, आठ, नऊ. काटा मेलेला. दहा. अकरा. मेलेला.

पावणेबाराला फानी ओरडली, "आला!" कारण हर्मिना ओरडायचं विसरली होती.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून टेबलावर उतरलं, सरकत सरकत पकडीपर्यंत आलं. आणि काटा उठला. कुणी हात लावला नव्हता. पेडलवर वजन तसंच होतं. काटा उठला, रेघ ओलांडली आणि थरथरत उभा राहिला.

तिने पाणी प्यायला कप उचलला. कपाची सावली पकडीवर पडली. काटा धाडकन खाली.

तिने कप बाजूला घेतला. काटा वर.

कप परत. खाली.

तिने कप ठेवून दिला. तळहात पुढे केला, तोच, नखांच्या कडा काळ्या असलेला, आणि उन्हात आडवा धरला. काटा पडला. बोटं जरा फाकवली, काटा जरासा उठला. हात बाजूला, काटा पार वर. पंधरा कोटी किलोमीटरवरून ऊन येत होतं, डोंगराच्या खिंडीतून, खिडकीतून, काचेच्या त्या दाण्यात, आणि दाणा ते ओळखत होता. तिच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर तिने त्या सूर्याकडे तोंड धरलं होतं, पण तो आल्याचं असं मोजून सांगणारं तिला कधी कुणी भेटलं नव्हतं.

"काय गं?" फानी खिडकीशी उभी राहून म्हणाली. हर्मिनाशी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवूनही तिच्या तोंडून निघालं.

"इंजिनिअरला बोलवा," हर्मिना म्हणाली.

इंजिनिअर वेर्बिच ल्युब्ल्याना शहरातला, तरुण, चष्म्याचा, वागायला नीट. त्याने काट्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाला, "उष्णता आहे, हर्मिनाबाई. उन्हाने काच तापते. जर्मेनियम तापलं की गळतं. पुस्तकात आहे."

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

"मी चोवीस वर्षं चूल पेटवतेय. ऊब हळू चढते आणि हळू उतरते. हे बघा." तिने हात आडवा धरला. काटा पडला. "ऊब इतक्या लवकर जात नाही."

हर्मिनाने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने दुसरा डायोड घेतला, काळ्या फडक्यात गुंडाळून गरम पाण्याच्या रेडिएटरवर ठेवला, वायरी जोडल्या. सगळे बघत उभे. काटा उठायला लागला, पण गोगलगायीसारखा. चार मिनिटं झाली तरी रेघेच्या खालीच. रेडिएटरवरून काढला तर तितक्याच सावकाश खाली. मग तिने फडकं सोडलं आणि डायोड उन्हात धरला. काटा उसळला.

वेर्बिचने चष्मा काढून पुसला. "उजेड," तो म्हणाला. "उजेडच आहे. मी गाढव आहे."

"तसं कुणी म्हटलं नाही," पोव्शे म्हणाला.

"मी म्हणतोय." तो स्टुलावर बसला, हर्मिनाच्या स्टुलावर, आणि तिने त्याला उठवलं नाही. "ऐका. त्या कणात विजेचे कण बांधलेले असतात, जागेवर. दार उलटं मिटलेलं असतं तेव्हा त्या दाराच्या आसपास सुटा कणच नसतो. म्हणून काही जात नाही. उजेड आत शिरला की तो बांधलेल्या कणाला धक्का देऊन सोडवतो. आणि सुटलेल्याला दार अडवत नाही. उलट तेच त्याला बाहेर ढकलतं. जितका उजेड, तितके सुटलेले. असे डायोड मुद्दाम करतात. काच उघडी ठेवतात. उजेड मोजायला." तो हसला. "आपण नोव्हेंबरपासून तेच करतोय आणि आपल्याला माहीत नाही."

"तर रंग त्यासाठी होता," हर्मिना म्हणाली.

"रंग त्यासाठी होता. आणि आम्ही तो उतरवला तेव्हा खोऱ्यात सूर्यच नव्हता."

मग फानी म्हणाली, "म्हणजे माझं टोक चांगलं आहे."

"तुझं टोक चांगलं आहे," हर्मिना म्हणाली. आणि सगळ्यांसमोर, "मी न बघता बोलले. चुकले."

"आणि मी?" फानी म्हणाली. "मी तुझ्या हातांचं बोलले." आणि नाक पुसत वळली.

पण पोव्शेला कागद हवा होता. शब्दांवर लॉट वाचत नाही. शुक्रवारी तपासणी समितीसमोर दोनशे अठ्ठ्याण्णवच्या दोनशे अठ्ठ्याण्णव पुन्हा पाहायचे, दोनच्या आत, असं ठरलं. समितीतली माणसं दुसऱ्या कारखान्यातून यायची, ती सव्वाअकराला पोचली. म्हणजे काम बरोबर उन्हाच्या वेळेत येणार.

हर्मिनाने डबा समोर घेतला. पावणेबाराला डोंगराची कड पेटली. ती उठली, दोरी सोडली आणि सणाच्या आधीपासून वर बांधलेला पडदा खाली ओढला.

हॉलमध्ये असा आवाज उठला की समितीतला म्हातारा दचकला.

"ए हर्मिना!"

"पाचवाच दिवस आहे गं!"

"तुझ्या दाण्यांसाठी आमचा सूर्य?"

"अकरा आठवडे!" मागून एक मुलगी म्हणाली. तिचा आवाज खरंच रडवेला होता.

हर्मिनाने वळून पाहिलं नाही. पडद्याची कड तिने खिळ्याला अडकवली. तिलाही तो हवा होता. पाठीवर, मानेवर, तिलाही. ती बसली आणि पेडलवर पाय ठेवला.

तेवढ्यात फानी म्हणाली, "गप्प बसा सगळ्या. ज्याला ऊन हवंय त्याने अंगणात जा. इथे माझी टोकं तपासतायत."

हर्मिना मोजत गेली. चिमटा, पकड, डावं, उजवं. चिमटा, पकड, डावं, उजवं. दोनशे अठ्ठ्याण्णव हे काही मोठं काम नव्हतं. एरवी तिने ते दीड तासात केलं असतं. पण समितीचा म्हातारा प्रत्येक काटा स्वतः पाहून खूण करायचा, आणि तो सावकाश होता. ती त्याच्यासाठी थांबली. घाई करून खूण चुकली असती तर सगळंच गेलं असतं. दीड वाजला. पडद्यामागचं ऊन केव्हाच सरकून गेलं होतं. पावणेदोनला शेवटचा डायोड चांगल्यांच्या तबकात पडला.

दोनशे एकतीस चांगले. सदुसष्ट खरे गळके. तेहतीसशेत सदुसष्ट.

"शंभरात दोन," म्हातारा म्हणाला आणि सही केली.

पोव्शेने कागद घेतला, कारणाचा रकाना पाहिला, खूप वेळ पेन धरून उभा राहिला. शेवटी त्याने लिहिलं: ऊन. मग हर्मिनाच्या हातात कागद देऊन म्हणाला, "बत्तीस वर्षांत सूर्याचं नाव पहिल्यांदा लिहितोय. याची शिक्षा काय, मला माहीत नाही."

पिंप त्या दिवशी फिरलं नाही.

सोमवारी हर्मिना बुटांचा एक खोका घेऊन आली. आतून चुलीच्या काजळीने काळा केलेला, पुढच्या बाजूला चिमट्यासकट हात जाईल एवढं भोक, त्यावर रूडीच्या जुन्या कामाच्या पँटचं कापड झालर लावून शिवलेलं. तिने तो पकडीवर उपडा ठेवला, हात आत घालून एक डायोड बसवला आणि पेडल दाबलं. काटा पडून राहिला. तेव्हा ती उठली आणि पडदा वर बांधला. शिवण तिने दोनदा उसवून पुन्हा घातली होती. पहिल्या वेळी कडेने उजेडाची रेघ येत होती. कारखान्याने पुढे पत्र्याचे खोके करून घेतले, पण पत्र्याचा तिला कधी आवडला नाही. हाताला गार लागायचा.

वेर्बिच पुढे ल्युब्ल्यानाला परत गेला. जाण्याआधी त्याने तिला एक नवा डायोड दिला, तांबड्या काचेचा, वाटाण्याएवढा. "हा सरळ बाजूने जोडा," तो म्हणाला. तिने घरी टेबलावर बॅटरीला जोडला. तो तांबडा पेटला. तार नाही, ज्योत नाही, ऊबही नाही. तिने बोट लावून पाहिलं.

"आतला कण सुटा होता तो परत जागेवर पडतो," तिने रूडीला समजावलं. वेर्बिचने तिला सांगितलं होतं तसं, पण तिच्या शब्दांत. "पडताना त्याच्यातून उजेड निघतो. माझ्या टेबलावर उजेड कणाला सोडवत होता. इथे कण पडतो आणि उजेड सुटतो. दार तेच. येणं आणि जाणं."

रूडीने तो तांबडा ठिपका वाकून पाहिला. "याला तेल नको?"

"नको."

"याच्यावर विश्वास ठेवतो," तो म्हणाला.

हर्मिना एकोणनव्वदला निवृत्त झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक जुना मीटर आहे, आणि त्याला जोडलेला काचेचा एक डायोड, बिनरंगाचा, शहात्तरच्या लॉटमधला. सदुसष्टांतला नाही, चांगल्यांतला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती तव्यावर पोळा टाकते आणि मीटरकडे पाठ करून उभी राहते, पण कान तिकडेच असतो. काटा उठून काचेला लागला की टक्क आवाज होतो. मग ती रस्त्यापलीकडच्या फानीच्या खिडकीकडे वळून ओरडते, "आला!"

फानी दरवर्षी एकच उत्तर देते. "डोळे आहेत मला."